वेगाचा कारभारी

अँड्रॉइड फोन घ्यायचा, कंपनीने आत घातलेले कुलूप काढायचे आणि मग त्याचा प्रोसेसर किती वेगाने पळेल हे आपण ठरवायचे, हा उद्योग २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत आपल्याकडच्या अनेक तरुणांनी मन लावून केला. कुलूप काढण्याला ‘फोन रूट करणे’ म्हणतात. ते जमले की वेग ठरवणारे एखादे छोटे अ‍ॅप टाकायचे. त्याच्या पडद्यावर दोन आकडे दिसत, कमाल वेग आणि किमान वेग. त्यांच्या खाली एक शब्द असे : गव्हर्नर.

हा शब्द वाचून कोणालाही थोडे चमकल्यासारखे व्हावे. गव्हर्नर म्हटले की आपल्याला राजभवन आठवते. पुण्याहून औंधमार्गे चिंचवडकडे निघालो की वाटेत विद्यापीठाची उंच मनोऱ्याची जुनी इमारत लागते. ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांची पावसाळ्यातली राहण्याची जागा होती. ते गव्हर्नर वेगळे आणि फोनमधले वेगळे. पण शब्द एकच आहे, आणि तो फोनमध्ये वाफेच्या इंजिनाकडून, डिझेल इंजिनाकडून आलेला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तर तो फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून कारखान्यांच्या फरशीवर बोलला जात होता. म्हणून या शब्दाचाच माग काढू.

ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून लॅटिनमधून इंग्रजीत ‘गव्हर्नर’ आला. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने त्याच ग्रीक शब्दावरून ‘सायबरनेटिक्स’ हे नाव घडवले. म्हणजे आज पोलिसांचा ‘सायबर’ विभाग आणि राजभवनातले गव्हर्नर हे शब्दाच्या नात्याने चुलतभाऊ ठरतात. असो.

यंत्रातला गव्हर्नर प्रसिद्धीला आला तो जेम्स वॉटमुळे. १७८८ च्या सुमारास त्याने आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन लोखंडी गोळे बसवले. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. पवनचक्क्यांत असे गोळे आधीच वापरले जात होते. एक उभा दांडा इंजिनाबरोबर फिरतो. त्याला दोन बाजूंना दोन हात आणि हातांच्या टोकाला गोळे. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फाकतात आणि वर उचलले जातात; त्यांना जोडलेली पट्टी वाफेची झडप थोडी मिटते. इंजिन मंदावले की गोळे खाली येतात, झडप उघडते. माणूस तिथे उभा राहायला नको. या साध्या जोडणीत मोठी गोष्ट अशी की यंत्र आपलाच वेग मोजते आणि त्यावरून आपल्यालाच आवर घालते.

सगळे गव्हर्नर मात्र नीट वागत नसत. काही फार उतावीळ असत. वेग जरा कमी झाला की झडप सगळी उघडायची, मग वेग जास्त झाला की सगळी मिटायची. इंजिन एकदा चढायचे, एकदा उतरायचे, आणि हा खेळ थांबायचाच नाही. मिस्त्री लोक आजही याला ‘हंटिंग’ म्हणतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, ज्याने वीज आणि चुंबकत्व एका गणितात बांधले, त्याला या खोडीचे कुतूहल वाटले. १८६८ साली त्याने गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला आणि कोणता गव्हर्नर स्थिर राहील, कोणता भरकटेल, याचे गणित मांडले. नियंत्रणशास्त्राची सुरुवात अनेक जण तिथूनच मोजतात. ही उतावीळपणाची अडचण लक्षात ठेवावी, कारण १४० वर्षांनी ती हातातल्या फोनमध्ये जशीच्या तशी परत आली.

आपल्या भागात गव्हर्नर घराघरांत, खरे तर मळ्यामळ्यांत, पोचला तो डिझेल इंजिनामुळे. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे त्यांचे इंजिन पुढे विहिरींवर तर गेलेच, पण अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही जाऊन बसले. डिझेल इंजिनाला गव्हर्नर हा दागिना नव्हे, ती गरज आहे. इंधन मोकळे सोडले आणि भार काढून घेतला, तर ते वेग वाढवत वाढवत स्वतःचे तुकडे करून घेऊ शकते. ज्यांचे लहानपण उसाच्या रानात गेले त्यांना तो आवाज आठवेल. इंजिन संथ ठोक्यात चाललेले असते, पंपावर पाण्याचा भार येतो, ठोका क्षणभर जड होतो, आणि लगेच आत कोणीतरी जोर लावल्यासारखा तो पुन्हा पूर्वीच्या लयीत येतो. तो आतला कोणीतरी म्हणजे गव्हर्नर. भार असो वा नसो, फेरे तेवढेच. बदलते ते इंधन.

१५०० हा आकडाही उगाच नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला बरोबर १५०० फेरे घेते तेव्हाच ती ५० आवर्तने मिळतात. फेरे घसरले की मोटारी मंद होतात, यंत्रे बिघडतात. २००६ साली सगळा महाराष्ट्र भारनियमनाने हैराण झालेला असताना पुणे आणि पिंपरी-चिंचवडने एक वेगळी वाट काढली. उद्योजकांच्या संघटनेने पुढाकार घेतला, वीज नियामक आयोगाने मान्यता दिली, आणि कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपापले जनित्रसंच चालवून महावितरणची तेवढी वीज शहरासाठी मोकळी केली. जादा खर्चाचा भार ग्राहकांवर थोडा थोडा वाटला गेला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याची देशभर चर्चा झाली. त्या संध्याकाळी पिंपरीच्या घरांत जे दिवे लागले त्यांच्यामागे कारखान्यांच्या आवारातले गव्हर्नर राबत होते. शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांना मात्र ही सोय नव्हती.

गव्हर्नरचे दुसरे काम लोकांना कमी आवडते, ते म्हणजे कमाल वेगाला कुंपण घालणे. एसटीच्या गाडीचा वेग बांधलेला असतो हे प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे, म्हणजे याच पट्ट्याच्या तोंडाशी. जुन्या डिझेल गाड्यांत इंधनपंपावर एक स्क्रू असे. तो किती फिरवायचा हे एकदा ठरले की त्यातून तार ओवून शिशाचे सील ठोकत. सील शाबूत म्हणजे पंप कंपनीने ठरवल्याप्रमाणे. सील तुटलेले म्हणजे कोणीतरी हात घातला, आणि मग वॉरंटी विसरायची. ट्रकवाले हात घालत नसत असे कोण म्हणेल? घाटात भरलेली गाडी चढवायला जरा जास्त डिझेल मिळाले तर हवेच असते. धूर काळा आला तरी चालतो. पुढे २०१५ च्या अधिसूचनेने नव्या व्यावसायिक वाहनांना वेगमर्यादक सक्तीचा झाला, बहुतेकांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आली, आणि काम स्क्रूकडून इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेले.

हे संक्रमण आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात डोळ्यांदेखत झाले. चेतक स्कूटरच्या पिढीतला माणूस कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून गाडीचा आयडलिंगचा वेग स्वतः लावत असे. २००३ साली चाकणच्या पल्सरवर ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे आली. दोन स्पार्क प्लग तर होतेच, पण ठिणगी कोणत्या क्षणी पडावी हे इंजिनाचे फेरे बघून एक चिप ठरवू लागली. स्क्रू पिळणाऱ्याला त्या चिपमध्ये काय आहे ते दिसत नव्हते.

आता फोनकडे येऊ. प्रोसेसरलाही ठोका असतो. सेकंदाला किती कोटी ठोके, हा त्याचा वेग. ठोके वाढवले की काम लवकर होते आणि वीज जास्त जाते. पण हिशेब सरळ नाही. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि शिवाय विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त ठोक्यांसाठी दाबही जास्त द्यावा लागतो. समजा वेग निम्मा केला आणि त्यामुळे दाब १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणता आला. मग दर सेकंदाला लागणारी वीज निम्मी होत नाही, ती साधारण २८ टक्क्यांवर येते. काम दुप्पट वेळ चालेल हे धरले तरी एकूण खर्च ५६ टक्के. म्हणजे हळू चालण्यात खरोखरच बचत आहे. निदान कागदावर.

लिनक्स या खुल्या प्रणालीत ही सोय २००३ च्या सुमारास स्थिरावली, ती मुख्यतः लॅपटॉपसाठी. वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा हे ठरवणाऱ्या तुकड्याला काय म्हणायचे? अभियंत्यांनी वॉटच्या गोळ्यांचा शब्द उचलला. ‘परफॉर्मन्स’ नावाचा गव्हर्नर प्रोसेसरला कायम वरच्या टोकाला ठेवतो, ‘पॉवरसेव्ह’ कायम खालच्या. ‘यूजरस्पेस’ म्हणतो, तुम्ही सांगाल तो वेग. पण खरा कारभारी ठरला ‘ऑनडिमांड’, जो २००४ मध्ये आला. इंटेलमधले वेंकटेश पल्लीपाडी आणि अ‍ॅलेक्सी स्टारिकोव्स्की यांनी २००६ साली ओटावाच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. त्याची रीत अशी : ठरावीक अंतराने प्रोसेसर किती व्यग्र आहे ते पाहायचे, ८० टक्क्यांच्या वर असेल तर एकदम कमाल वेगावर उडी मारायची, काम ओसरले की खाली यायचे. २००५ मध्ये त्याचा एक सावध भाऊ आला, ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’. तो उडी मारत नाही, पायरी-पायरीने चढतो. उतावळा गव्हर्नर आणि सुस्त गव्हर्नर, मॅक्सवेलच्या वेळचाच तंटा.

२००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन निघाला, एचटीसी कंपनीचा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असल्यामुळे हे सगळे गव्हर्नर बिनबोभाट फोनमध्ये आले. त्या फोनची चिप ५२८ मेगाहर्ट्झवर चालू शकत होती, पण सुरुवातीला ती ३८४ वरच बांधून विकली गेली. बॅटरी टिकावी म्हणून, हे उघड आहे. पण घेणाऱ्याला ते माहीत नव्हते. लोकांना ते कळले आणि कुलूप काढण्याला एक कारण मिळाले. २००९ च्या जुलैत एचटीसीचाच मॅजिक हा फोन भारतात आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वस्त फोनांची रीघ लागली.

‘रूट’ म्हणजे युनिक्सच्या भाषेत घरधनी, ज्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. विकत घेतलेल्या फोनमध्ये तुम्ही भाडेकरू असता. गव्हर्नरचे नाव फोनच्या आत एका छोट्याशा फाइलमध्ये एका शब्दात लिहिलेले असते. तो शब्द बदलला की कारभारी बदलला. पण त्या फाइलवर लिहायचा अधिकार फक्त रूटला. एवढ्या एका शब्दासाठी लोक रात्र-रात्र जागले, फोन ‘विटा’ झाले, म्हणजे सुरूच होईनात. शिशाचे सील तोडणाऱ्या ट्रकवाल्याची आणि यांची जात एकच.

मिळाले काय? इथे जरा थांबले पाहिजे, कारण या विषयावर फार भाबडेपणा चालतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. महाळुंग्याला किंवा खराबवाडीला चौघांत एक खोली, प्लगची एक जागा. बॅटरी दिवसभर टिकली तर त्याला हवीच आहे. तो फोन रूट करतो आणि ‘पॉवरसेव्ह’ लावतो. पण पाळी सुरू झाली की फोन लॉकरमध्ये किंवा खिशात. पडदा बंद असताना प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. तेव्हा कोणता गव्हर्नर आहे याने जवळजवळ काही बिघडत नाही. लोखंडी शेडमध्ये नेटवर्क क्षीण असते, फोन टॉवर शोधत राहतो, बॅटरी तिथे जाते. पाळी सुटल्यावर बसमध्ये तो फोन उघडतो, तर ‘पॉवरसेव्ह’मुळे प्रत्येक गोष्ट रखडते. पान उघडायला दुप्पट वेळ, तेवढा वेळ पडदा पेटलेला, आणि पडदा हा प्रोसेसरइतकाच, कधी त्याहूनही जास्त खादाड. कागदावरचे ५६ टक्के तिथे विरघळून जातात. म्हणून अभियंत्यांत दुसरा एक पक्ष होता, तो म्हणे, जोरात पळा, काम संपवा आणि लवकर झोपा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. कोणते काम, कोणती चिप, यावर उत्तर ठरते.

गूगलच्या माणसांनी फोनसाठी ‘इंटरॅक्टिव्ह’ हा गव्हर्नर लिहिला तो याच अनुभवावरून. लॅपटॉप अर्धा सेकंद रेंगाळला तर चालतो. बोट पडद्यावरून सरकत असताना फोन रेंगाळला की माणूस चिडतो. म्हणून हा गव्हर्नर प्रोसेसर झोपेतून उठताच त्याच्यावर नजर ठेवतो आणि भार दिसला की वेळ न घालवता वेग देतो. माझ्या मते बहुतेकांनी रूट करून जे साधले त्याहून या एका बदलाने जास्त साधले. मात्र ज्यांनी कमाल आकडा कंपनीच्या मर्यादेपलीकडे नेला, त्यांना फोन तापणे, अचानक बंद पडणे याचाही अनुभव आला. प्रत्येक चिप थोडी वेगळी असते. शेजाऱ्याची जिथे टिकते तिथे आपली टिकेलच असे नाही.

तरीही कुलूप काढणाऱ्यांचा मूळ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वेग कोण ठरवतो, आणि ते मला सांगितले जाते का? २०१३ च्या जुलैत असे उघडकीस आले की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ मध्ये काही ठरावीक चाचणी-अ‍ॅपची नावे ओळखली जात. ती सुरू झाली की प्रोसेसर कमाल वेगावर जाई, आणि चित्रांचे काम करणारी चिप ५३३ मेगाहर्ट्झवर पळे. इतर खेळांना ती ४८० च्या वर जाऊ देत नसे. परीक्षेच्या दिवशी तेवढा हुशार होणारा विद्यार्थी! हे सापडले ते फोनच्या आत डोकावणाऱ्यांमुळेच.

दोन वर्षांनी असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणात फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत सापडला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत कळले की गाडी चाचणीच्या रुळांवर आहे हे तिचे सॉफ्टवेअर ओळखते आणि तेवढ्यापुरता धूर आवरते. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या तपासल्या. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. चाकणच्या कारखान्यात २००९ पासून बनलेल्या पोलो आणि पुढे आलेल्या व्हेंटोही त्यात होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला. भारतात कोणताही नियम मोडला नाही असे कंपनीचे म्हणणे होते, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. शिशाचे सील तुटले तर निदान डोळ्यांना दिसत होते. इथे सील शाबूत होते आणि लबाडी सीलच्या आत होती.

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आम्ही सॉफ्टवेअरने कमी करतो, नाहीतर फोन मध्येच बंद पडतो. कारण खोटे नव्हते. पण लोकांनी नवा फोन घेतला तो आपला जुना झाला असे समजून. नवी बॅटरी पुरली असती. २०२० मध्ये फ्रान्सने अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला तो वेग कमी केल्याबद्दल नव्हे, ग्राहकाला न सांगितल्याबद्दल. दरम्यान २०१८ मध्ये कंपनीने ही आवर घालण्याची सोय बंद करण्याचे बटण फोनमध्ये दिले होते. म्हणजे आयफोनवाल्यांना जे मिळवायला दावे लागले, ते रूट केलेल्या अँड्रॉइडवाल्याच्या हातात आधीच होते.

आज हा छंद ओसरला आहे. २०१६ मध्ये लिनक्समध्ये ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर आला. प्रोसेसरवर कामे कोणत्या क्रमाने द्यायची हे जो विभाग ठरवतो, त्याच्याच माहितीवर तो वेग ठरवतो, त्यामुळे अंदाज बांधत बसावे लागत नाही. फोनच्या चिपमध्ये आता काही गाभे मोठे, काही छोटे असतात; साधी कामे छोट्यांकडे जातात. शिवाय २०१६ नंतर यूपीआयने पैसे फोनमध्ये आले, आणि बँकांची अनेक अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. चहाच्या टपरीवर पैसे देता येणार नसतील तर ‘इंटरॅक्टिव्ह’ काय कामाचा? अनेक कंपन्यांनी कुलूपही अधिक पक्के केले.

आकुर्डीत मात्र या गोष्टीला एक पुढचे प्रकरण जोडले गेले. बजाजने तिथले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबवले होते. २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले, आधी चाकणच्या कारखान्यातून, आणि २०२२ च्या जूनमध्ये आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. त्या पहिल्या विजेच्या चेतकला दोन चाली होत्या : ‘इको’ चालीत एका चार्जिंगमध्ये ९५ किलोमीटर आणि ‘स्पोर्ट’मध्ये ८५, असे कंपनीचे आकडे होते. पण चाल निवडायला चालवणाऱ्याला बटण दिले नव्हते. मूठ जास्त पिळली की गाडी आपण होऊन ‘स्पोर्ट’मध्ये जाई, सैल सोडली की ‘इको’त परते.